जेआरएफ म्हणजे पीएचडी नव्हे! अर्ज भरताना या चुका टाळा

निकाल लागले की आमच्या ठाण्यातल्या घरी एमएससी, एमटेक झालेली मुलं जेआरएफच्या, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोच्या जागेच्या जाहिरातीचा पीडीएफ घेऊन येतात. ‘काका, ही पीएचडीचीच जागा ना?’ बहुतेकदा नसते.

खरी गोची इथेच होते. विद्यापीठाच्या जाहिरातीतला ‘जेआरएफ’ पुष्कळदा प्राध्यापकाला मिळालेल्या प्रोजेक्टवरचा माणूस असतो. ‘को-टर्मिनस’ हा शब्द दिसला की समजा, प्रोजेक्ट संपला की नोकरीही संपली. पीएचडीच्या प्रवेशाची जाहिरात वेगळी, नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा पेट (विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा) वेगळी, मुलाखतही वेगळी. खारघरची आमच्या ओळखीतली एक मुलगी दोन वर्षं प्रयोगशाळेत राबली आणि मग तिला कळलं, पीएचडीचं रजिस्ट्रेशन झालेलंच नाही. तेव्हा मुलाखतीतच विचारा: सर, या कामावर पीएचडीला नाव नोंदवता येईल का, आणि कोणत्या सत्रात? विचारलं म्हणून कुणी रागावत नाही.

पैशांचंही तसंच. 1 जानेवारी 2023 पासून यूजीसी-सीएसआयआरच्या नेटमधून आलेल्या जेआरएफला महिना 37,000 रुपये आणि एसआरएफला (सीनिअर रिसर्च फेलो) 42,000 रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. प्रोजेक्टमध्ये नेट किंवा गेट (एमटेक प्रवेशाची परीक्षा) नसेल तर आकडा बऱ्याचदा खाली येतो. ‘कन्सॉलिडेटेड’ लिहिलं असेल तर घरभाडं त्यातच धरलेलं असतं. नवी मुंबईत खोली बघायच्या आधी ही ओळ वाचा.

गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, म्हणून नेटही चालेल असं धरू नका. 2024 पासून नेटच्या निकालात तीन गट असतात. जेआरएफ सोडून उरलेल्या दोन गटांचा निकाल पीएचडी प्रवेशाला एकच वर्ष चालतो.

ओबीसी मुलांनी नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र नीट बघावं. केंद्राच्या संस्थेला केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, राज्याचं जोडलं की अर्ज खुल्या गटात जातो, नाहीतर थेट बाद होतो. आणि जूनमध्ये सेतू केंद्रावर अकरावी-डिप्लोमावाल्यांची रांग असते, तेव्हा एप्रिलमध्येच हालचाल करा. सीजीपीएचे टक्के मनाने काढू नका, विद्यापीठाचं रूपांतराचं पत्रच जोडा. किमान टक्क्यांची अट तिथेच अडते.

पीएचडीच्या गाइडला मेल करताना चाळीस जणांना एकदम सीसी करणारे महाभाग मी पाहिलेत. प्रत्येकाला चाळिसांचे पत्ते दिसतात! एकालाच लिहा, त्यांचा एखादा पेपर वाचून त्यातलं काय पटलं, काय कळलं नाही ते चार ओळींत सांगा. ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम हार्डवर्किंग’ याला उत्तर येत नाही.

वॉक-इन (थेट) मुलाखत असेल तर मूळ कागद बरोबर हवेत, फोनमधले फोटो चालत नाहीत. नोकरीत असाल तर एनओसी (ना हरकत पत्र) आधीच मागून ठेवा. ऑफिस ती एका दिवसात देत नाही. आणि पवईच्या आयआयटीत साडेनऊला हजर राहायचं असेल, तर घोडबंदरवाल्यांनी सात वाजताच घर सोडावं.