किशोरवयीन संबंधांतील हिंसा रोखताना शाळा आणि तालमींनी या चुका टाळाव्यात

नववी-दहावीच्या वयात जुळलेल्या संबंधात धमकी, मारहाण, पाठलाग किंवा फोटो पसरवण्याची भीती शिरली, की आपल्याकडे तो विषय एकतर 'प्रेमप्रकरण' म्हणून दाबला जातो, नाहीतर थेट पोलीस ठाण्यातच उघडतो. त्याआधी काहीतरी करायला हवे, हे शाळांना पटलेले असते. पण काम एका व्याख्यानाने सुरू होते आणि तिथेच संपते. पोलिसांच्या निर्भया पथकातील अधिकारी येतात, कलमे समजावून सांगतात, आभारप्रदर्शन होते, छायाचित्र निघते. या भेटीला नावे ठेवण्याचे कारण नाही, मात्र तिलाच उपक्रम समजणे ही चूक आहे. अमेरिकेतील 'सेफ डेट्स' हा परिणाम तपासून पाहिलेला उपक्रम दहा तासिकांचा आहे आणि त्यात नाटक व भित्तिपत्रक स्पर्धाही येते.

याहून मोठी चूक म्हणजे सारे लक्ष वर्गावर ठेवून शाळेच्या आवाराकडे न पाहणे. न्यूयॉर्कमधील ३० सरकारी शाळांत झालेल्या 'शिफ्टिंग बाउंडरीज' या अभ्यासात केवळ वर्गातील धडे पुरेसे ठरले नाहीत. ज्या शाळांनी संपूर्ण शाळेच्या पातळीवर उपाय केले, तिथे फरक दिसला. विद्यार्थ्यांनी शाळेच्या नकाशावर असुरक्षित जागा दाखवायच्या आणि शिक्षकांची देखरेख तिथे वाढवायची, हा त्यातला एक भाग होता. कोल्हापुरातील कोणतीही शाळा हे एका तासिकेत, फारसा खर्च न करता करू शकते. आराखड्याची प्रत प्रत्येकाला द्यावी, निर्धास्त वाटणारी जागा हिरव्या आणि नकोशी वाटणारी लाल रंगाने रंगवायला सांगावे, नाव लिहू देऊ नये. सायकल स्टँडची मागची बाजू, जिना, स्वच्छतागृहाकडचा बोळ, क्लास सुटल्यावर केएमटी बसच्या थांब्यापर्यंतची गल्ली, यांपैकी नेमके काय लाल होते ते मुलांकडूनच कळते. रंगवलेले कागद कपाटात पडून राहिले, तर मात्र पुढच्या वेळी कोणी खरे सांगणार नाही.

मुलींना वेगळे बसवून 'जपून राहा' सांगणे आणि त्या वेळी मुलांना मैदानावर सोडणे, हेही सर्रास घडते. मुलांपर्यंत पोहोचण्यासाठी कोल्हापुराइतकी सोय क्वचितच कुठे असेल, कारण इथल्या पेठांत तालमी आहेत, फुटबॉलचे संघ आहेत आणि वस्ताद किंवा प्रशिक्षकाचा शब्द बापाच्या शब्दाहून जड असतो. मुंबईत 'परिवर्तन' या उपक्रमात क्रिकेट प्रशिक्षकांना यासाठी तयार केले गेले आणि त्यांच्या हाताखालच्या मुलांच्या विचारांत फरक आढळला. सराव संपल्यावर एखादा पोरगा 'तिचा पासवर्ड माझ्याकडं आहे' असे ऐटीत सांगतो आणि बाकीचे हसतात, त्या क्षणी वस्तादाने गप्प राहणे हीच चूक आहे. मुलीचा फोन तपासणे, तिने कोणाशी बोलावे हे ठरवणे, संबंध तोडल्यास जिवाचे बरेवाईट करण्याची धमकी देणे, ही काळजी नसून हुकमत आहे, हे तिथल्या तिथे, चारचौघांत, दोन वाक्यांत सांगावे.

तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेसमोर टांगली, तर ती रिकामीच राहते. राज्यातील शाळांत २०२२ पासून विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती आहे. तिच्यातील कोणाशी, कुठे आणि कोणत्या वेळी बोलता येईल, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असायला हवे. ऐकणाऱ्याने 'कोणालाच सांगणार नाही' असे वचन मुळीच देऊ नये. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीवरील लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवल्यास शिक्षेची तरतूद आहे. त्यामुळे 'गरजेपेक्षा एकाही माणसाला जास्त कळणार नाही' एवढेच प्रामाणिक आश्वासन देता येते. बाहेरची मदत हवी असल्यास १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक वर्गावर्गात लिहिलेला असावा.

शेवटी पालक. मुली गप्प बसतात, कारण त्यांना त्या मुलाइतकीच घराचीही भीती वाटते. बोलले की मोबाईल जाणार, क्लास बंद होणार, कदाचित शाळाही सुटून स्थळे पाहायला सुरुवात होणार, हे त्या ओळखून असतात. हा विषय पालकसभेत प्रकरण घडण्याआधी काढावा, कारण घडल्यावर ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणीच नसते. आणि तक्रार आलीच, तर मुलीची तुकडी, क्लासची वेळ किंवा बस बदलण्याऐवजी त्रास देणाऱ्या मुलाची बदलता येते का, हे शाळेने आधी पाहावे.