जुन्या जीपला जास्तीचे दिवे आणि रिले : या चुका टाळा

महिंद्रा एमएम ५४०, मेजर, सीजे किंवा जिप्सीच्या बंपरवर दोन हॅलोजन दिवे बसवणं हे पाना-स्क्रूचं सोपं काम. बिघडतं ते वायरिंगमध्ये, आणि तेही रिले लावल्यावर. कारण ‘रिले लावलाय ना, मग झालं’ असा एक समज गॅरेजांत पक्का रुजलेला आहे. रिले हा फक्त दुसरा स्विच आहे, बारीक करंटने चालणारा आणि दिव्यांचा मोठा करंट जोडणारा. बॅटरीपासून दिव्यापर्यंत आणि दिव्यापासून परत बॅटरीपर्यंतची वाट खराब असेल, तर महागातला महाग रिलेही उजेड वाढवणार नाही.

आधी हिशेब करू. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट. १२ व्होल्टला सव्वानऊ अँपिअर, इंजिन चालू असताना दहाच्या आसपास. १०० वॅटचे दोन लावले तर सुमारे सतरा. १ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण साडेसतरा मिलिओहम असतो. बॅटरी, तिथून इग्निशन स्विच, डॅशवरचा स्विच आणि पुन्हा पुढे बंपर अशी सहा मीटरची वाट धरली, तर दहा अँपिअरला एक व्होल्ट वायरमध्येच जातो. त्यात जुना स्विच, फ्यूजच्या गंजलेल्या क्लिपा आणि दोन-चार जोड मिळून आणखी अर्धा-पाऊण व्होल्ट खातात. हॅलोजनचं गणित असं, की व्होल्टेज १० टक्के घटलं की उजेड ३० टक्क्यांच्या आसपास घटतो. म्हणून डायरेक्ट स्विचवर टाकलेले दिवे पिवळट दिसतात, आणि लोक बल्बला दोष देऊन जास्त वॅटचा बल्ब घालतात. मग करंट वाढतो, वायरमध्ये आणखी व्होल्ट पडतात, आणि शेवटी स्विचचं प्लास्टिक वितळतं.

अर्धवट रिले

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. रिले बसवलेला असतो, पण ३० नंबरच्या पिनेला येणारा प्लस हेडलाइटच्या जुन्या वायरवरून किंवा फ्यूजबॉक्सच्या एखाद्या रिकाम्या खाचेतून घेतलेला असतो. म्हणजे दिव्यांचा सगळा भार पुन्हा त्याच चाळीस वर्षांच्या हार्नेसवर, म्हणजे गाडीच्या मूळ वायरींच्या जुडग्यावर. रिलेचा उपयोग शून्य.

३० नंबरला स्वतंत्र वायर हवी, स्वतःच्या वेगळ्या फ्यूजमधून थेट आलेली. ५५ वॅटच्या जोडीला २.५ चौ. मिमी, १०० वॅटच्या जोडीला ४ चौ. मिमी. ८७ या बाहेर जाणाऱ्या पिनेपासून दिव्यांपर्यंतही तीच जाडी. ८५ आणि ८६ या कॉइलच्या, म्हणजे रिलेचे संपर्क ओढून जोडणाऱ्या तारेच्या गुंडाळीच्या पिना. कॉइल जेमतेम ०.१५ अँपिअर घेते, त्यामुळे तिथे ०.७५ची वायर भरपूर झाली. हे उलटं केलेलं अनेकदा दिसतं : स्विचला चारची वायर आणि दिव्याला बारीक.

घरगुती फिटिंगची उरलेली वायर बोनेटखाली वापरू नका. तिचं पीव्हीसी सहसा ७० अंशांपर्यंतचं असतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या आसपास ते कडक होऊन तडकतं. मोटारींसाठीची, १०५ अंशांची, बारीक तारांची वायर घ्या. जाड तारांची वायर डिझेल इंजिनाच्या थरथरीने लगच्या (वायरीच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या तुकड्याच्या) तोंडाशीच तुटते, आणि बाहेरून आवरण शाबूत दिसतं.

पिनांचे नंबर वाचा, जागा नको

चौकोनी रिले सगळे सारखे दिसतात, पण पिनांच्या दोन मांडण्या बाजारात आहेत. दोन्हींत ३० आणि ८६ यांची अदलाबदल असते. होल्डर एका मांडणीप्रमाणे वायर केलेला आणि नंतर बदली रिले दुसऱ्या मांडणीचा घातला, तर काय होतं बघा. बॅटरीचा कायमचा प्लस ८६ वर जातो, त्यामुळे कॉइल रात्रंदिवस ओढलेली राहते. स्विचची बारीक वायर ३० वर येते, आणि दिव्यांचा सगळा करंट तिच्यातून वाहतो. गंमत अशी, की स्विच दाबला की दिवे लागतात आणि बंद केला की विझतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. खुणा दोनच : गाडी उभी असताना रिले कोमट लागतो आणि स्विच चटकन तापतो. दिवसाला साडेतीन अँपिअर-तास बॅटरीतून जातात ते वेगळंच. आठवड्यातून एकदा निघणारी जीप मग धक्क्यावरच चालू होते.

पाच पिनांच्या रिलेत मधली पीन ८७ए असू शकते. रिले सुटलेला असताना ३० तिच्याशी जोडलेला असतो. दिवा चुकून तिथे जोडला तर स्विच बंद केल्यावर तो लागतो. जोडायचं काही नसेल तर ती पीन उघडी न ठेवता झाकून टाका, रिले सुटलेला असताना तिच्यावर प्लस असतो. काही पाच पिनांच्या रिलेत मात्र मधली पीनही ८७च असते, म्हणून कवचावरची आकृती बघूनच हात घाला.

त्याच आकृतीत कॉइलशेजारी डायोडची (करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाची) खूण असेल तर ८६ ला प्लस आणि ८५ ला अर्थ, म्हणजे मायनसकडची परतीची वाट, यात बदल चालत नाही. उलटं जोडलं की डायोडमधून शॉर्ट होतो आणि ट्रिगरचा, म्हणजे कॉइलला करंट देणाऱ्या बारीक वायरीचा फ्यूज उडतो. डायोड नसेल तर कॉइल कशीही जोडा.

फ्यूज कुठे, किती

फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. म्हणून तो बॅटरीजवळ, टर्मिनलपासून १५ ते २० सेंटिमीटरच्या आत हवा. रिलेच्या पुढे, दिव्याशेजारी बसवलेला फ्यूज मधल्या मीटर-दीड मीटर वायरचं काहीच रक्षण करत नाही. आणि घासून शॉर्ट होते ती नेमकी तीच वायर, फेंडरच्या कडेवर. दोन ५५ वॅटला १५ अँपिअर, दोन १०० वॅटला २५. ट्रिगरच्या वायरला वेगळा ३ किंवा ५ अँपिअरचा.

काचेच्या नळीचा स्प्रिंगवाला होल्डर टाळा. कोकणातल्या हवेत एका पावसाळ्यात स्प्रिंग गंजते, मग होल्डर तापतो, वितळतो, आणि फ्यूज मात्र शाबूत राहतो. पात्याच्या फ्यूजचा रबरी झाकणवाला होल्डर स्वस्तात मिळतो. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचं मायनस आधी काढा आणि शेवटी जोडा.

डॅशवर अँमीटर असेल तर

जुन्या जीपमध्ये गाडीचा बहुतेक सगळा करंट अँमीटरमधून, म्हणजे डॅशवरच्या करंट दाखवणाऱ्या काट्यातून फिरतो. बॅटरी अँमीटरच्या एका बाजूला. अल्टरनेटर आणि बाकीची गाडी दुसऱ्या बाजूला. आता दिव्यांचा प्लस बॅटरीच्या टर्मिनलवरून घेतला, तर इंजिन चालू असताना अल्टरनेटरचा करंट अँमीटर ओलांडून बॅटरीकडे येतो आणि तिथून दिव्यांना जातो. काटा ‘चार्ज’कडे झुकलेला दिसतो, चालक खूश, आणि प्रत्यक्षात बॅटरीत काही जात नसतं. शिवाय १०० वॅटच्या जोडीचे सतरा अँपिअर डॅशमागच्या त्या जुन्या दोन वायरी आणि नटांमधून कायम वाहतात. डॅशमागे जळका वास येण्याचं हे ठरलेलं कारण.

अशा गाडीत दिव्यांचा प्लस अल्टरनेटरच्या बी प्लस स्टडवरून (करंट बाहेर येतो तो बोल्ट), लगेच फ्यूज टाकून घ्यावा. मग इंजिन चालू असताना काटा खरं सांगतो. इंजिन बंद ठेवून दिवे लावले तर काटा डिस्चार्ज दाखवेल, आणि तेही खरंच आहे. ५५ वॅटच्या जोडीला बॅटरीवरून घेतलं तर आभाळ कोसळणार नाही, पण १०० वॅटला ते करू नका.

अल्टरनेटरऐवजी डायनामो असलेल्या गाडीत १०० वॅटच्या जोडीचा विचारच सोडा. लुकासच्या सी ४० डायनामोची कमाल क्षमता २२ अँपिअर, तीही इंजिनाचा वेग चढल्यावर. घाटात दुसऱ्या गिअरवर हळू चढताना हेडलाइट, वायपर आणि हे दिवे मिळून सगळा भार बॅटरीवर येतो.

सैन्याच्या लिलावातून आलेली गाडी असेल तर आधी बॅटरीला व्होल्ट मोजायचा मीटर लावा. जोंगासारख्या काही गाड्या २४ व्होल्टच्या आहेत. तिथे १२ व्होल्टचा बल्ब क्षणात जाईल, आणि १२ व्होल्टच्या रिलेची कॉइलही तापून जळेल.

अर्थिंग

निम्म्या तक्रारी इथे मिटतात. दिव्याचा ब्रॅकेट बंपरला, बंपर चासीला, चासी इंजिनला आणि इंजिन बॅटरीला अशी साखळी असते. मधे कुठे रंग, कुठे गंज, कुठे रबराचा वॉशर. टपावरच्या कॅरियरवर लावलेल्या दिव्यांचं तर विचारूच नका. दिव्याच्या मायनसची वायर प्लसच्याच जाडीची घ्या आणि ती बॅटरीच्या मायनसला, किंवा रंग खरवडून चासीच्या स्वच्छ जागी लग लावून घट्ट बसवा. वर ग्रीस चोपडा. इंजिन ते चासी हा जुना वेणीचा पट्टाही बघून घ्या, तो बहुतेकदा हिरवा पडून अर्धा तुटलेला असतो.

अर्थ खराब असल्याची खूण चमत्कारिक असते : दिवे लावले की इंडिकेटर मंद होतात, किंवा पार्किंगचे बल्ब आपोआप मिणमिणतात. करंट परतीची दुसरी वाट शोधत असतो.

ट्रिगर कुठून घ्यायचा

लांब पल्ल्याचे दिवे असतील तर ट्रिगर हाय बीमच्या वायरवरून घ्या आणि मधे डॅशवर स्विच ठेवा. समोरून गाडी आली की डिपर मारताच जास्तीचे दिवेही विझतात. पायाचा डिपर स्विच असलेल्या जीपमध्ये त्यात चिखल-पाणी शिरून संपर्क खराब होतात, ट्रिगरला जेमतेम आठ-नऊ व्होल्ट पोचतात आणि रिले टरटर वाजू लागतो. रिले बदलून ते थांबत नाही.

सगळ्या गाड्यांत हेडलाइटचा स्विच प्लसवरच असतो असं धरून चालू नका. काही जपानी घडणीच्या गाड्यांत बल्बला प्लस आधीच असतो आणि स्विच अर्थ जोडतो. जिप्सीवर काम करताना हेडलाइटचा प्लग काढून मीटरने हे आधी तपासा. अर्थवर स्विच निघाला तर ८५ हाय बीमच्या वायरला आणि ८६ डॅशच्या स्विचमार्गे प्लसला.

दिवे विसरून राहू नयेत म्हणून इग्निशनवरून ट्रिगर घेतात, ते बरोबरच. पण जुन्या डिझेलमध्ये इंजिन बंद होतं ते नॉब ओढून. चावी तशीच चालू राहते. तेव्हा स्विचमध्ये खुणेचा लहान दिवा असू द्या. ६० अँपिअर-तासांची बॅटरी ५५ वॅटच्या जोडीवर तीन तासांत अर्धी होते, आणि तेवढ्यात थंड डिझेल चालू होईलच असं नाही.

फॉग लॅम्प असतील तर त्यांना हाय बीमवर अजिबात जोडू नका. आंबोलीत किंवा ताम्हिणीत धुकं उतरलं, की हाय बीमचा पांढरा पडदा डोळ्यांसमोर उभा राहतो. फॉग तेव्हा एकटे किंवा लो बीमबरोबर लागायला हवेत, आणि बंपरवर जमतील तितके खाली. टपावरचे दिवे सार्वजनिक रस्त्यावर झाकलेले ठेवा, दंड होऊ शकतो आणि समोरचा आंधळा होतो.

जोड आणि जागा

वायरींना वळ देऊन वर टेप गुंडाळणं बोनेटखाली टिकत नाही. उष्णतेने टेपचा गोंद पातळ होतो आणि जोड उघडा पडतो. योग्य मापाचा लग, पकडीने नव्हे तर क्रिंपिंग टूलने दाबलेला, वर आकसणारी स्लीव्ह. फायरवॉलमधून (इंजिन आणि डॅशमधला पत्रा) वायर नेताना भोकात ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं नसेल तर पत्र्याची कड सहा महिन्यांत आवरण कापते.

रिले बॅटरीच्या बाजूच्या फेंडरवर, मॅनिफोल्डपासून लांब, पिना खाली करून बसवा. पिना वर असल्या तर होल्डरात पाणी साठतं.

बिघाड शोधताना

स्विच टाकल्यावर टक आवाजच नाही : ८६ आणि ८५ यांच्यामध्ये मीटर लावा. १२ व्होल्ट दिसत असतील तर कॉइल गेली; काढून मोजली तर चांगल्या कॉइलचा रोध ८०-९० ओहमच्या आसपास भरतो. व्होल्ट नसतील तर ट्रिगरचा फ्यूज, स्विच किंवा ८५ चा अर्थ.

टक होतं पण दिवे नाहीत : ३० वर प्लस आहे का, मग ८७ वर येतो का. ३० वर आहे आणि ८७ वर नाही, तर आतले संपर्क जळाले. ३० वरच नाही, तर फ्यूज. टेस्ट लॅम्प इथे मीटरपेक्षा बरा, कारण गंजलेल्या जोडातूनही मीटर १२ व्होल्ट दाखवतो, पण बल्ब पेटत नाही.

स्विच बंद, तरी दिवे चालूच : संपर्क चिकटले. रिलेवर टिचकी मारून सुटले तरी तो रिले टाकून द्या. थंड फिलामेंट पहिल्या क्षणाला नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतं, म्हणून १०० वॅटच्या जोडीला ४० अँपिअरचा रिले घ्या, किंवा प्रत्येक दिव्याला वेगळा.

दिवे लागतात पण मंद : इंजिन चालू, दिवे चालू. मीटरची एक तार बॅटरीच्या प्लसवर (प्लस अल्टरनेटरवरून घेतला असेल तर बी प्लसवर), दुसरी दिव्याच्या प्लसवर. ०.३ व्होल्टपर्यंत ठीक, अर्ध्याच्या वर गेलं तर त्या वाटेत दोष. मग एक तार बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी दिव्याच्या मायनसवर; इथे ०.२ च्या वर नको. ज्या बाजूला आकडा मोठा, त्या बाजूचे जोड एकेक करून मोजत या. हे मोजमाप दिवे चालू असतानाच करायचं. करंट वाहत नसताना सगळ्या वायरी चांगल्याच दिसतात.

एलईडी बार लावला आणि तो बंद असतानाही काजव्यासारखा मिणमिणतो : ओलसर होल्डरात ३० आणि ८७ मधून गळती होते आहे. होल्डर सुकवा, पिना साफ करा, हिरवट झाल्या असतील तर होल्डरच बदला.