दुसऱ्या चॅनेलसोबत व्हिडिओ करण्यापूर्वी

‘आपण एकत्र कोलॅब करू या का?’ एवढ्या एका ओळीच्या निरोपाला बहुधा उत्तर येत नाही, आणि त्यात समोरच्याचा उद्धटपणा नसतो. काय करायचे, कोठे करायचे आणि त्यातून त्याला काय मिळणार, यांपैकी काहीच त्या ओळीत नसते. म्हणून आधी ओळख वाढवावी आणि कोलॅबचा विषय मागाहून काढावा.

जोडीदार निवडताना आपल्याच विषयाचा मोह टाळावा. गडकिल्ल्यांवर व्हिडिओ करणाऱ्याने दुसऱ्या गडप्रेमीपेक्षा गावाकडचे जेवण दाखवणाऱ्या चॅनेलकडे पाहिलेले बरे, कारण गड उतरून आलेल्या माणसाला पिठलं-भाकरी हवीच असते आणि तरीही दोन्ही चॅनेलचा प्रेक्षक पूर्णपणे एक नसतो. सबस्क्रायबरांच्या संख्येत फार मोठी तफावत असेल तर लहान चॅनेलवाल्याला उपकाराखाली दबल्यासारखे होते, असे माझे मत आहे.

मैत्रीची सुरुवात नेमक्या, उपयोगी बोलण्याने होते. ‘मस्त व्हिडिओ, दादा’ असे शेकडो जण लिहितात. त्याऐवजी, ‘आपण राजगडावर गुंजवण्याहून चोर दरवाज्याने चढाई दाखवली आहे, वयस्कर प्रेक्षकांसाठी पाली दरवाज्याची सोपी वाट सांगितलीत तर बरे होईल, माझ्याकडे त्या वाटेचे चित्रीकरण आहे, हवे असल्यास पाठवतो,’ असे लिहिणारा लक्षात राहतो. असे दोन-तीन वेळा बोलणे झाल्यावरच प्रस्ताव मांडावा, आणि त्यात विषय, ठिकाण, लागणारे दिवस व खर्चाची वाटणी हे सारे पहिल्याच निरोपात असावे.

व्हिडिओ एक नव्हे, दोन करावेत, प्रत्येकाच्या चॅनेलवर एक. यूट्यूबवर पाहिल्या गेलेल्या वेळेची नोंद आणि जाहिरातींचे उत्पन्न, दोन्ही ज्या चॅनेलवर व्हिडिओ चढवला त्याच्याच खात्यात जातात. जाहिरातींची कमाई सुरू होण्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि मागील १२ महिन्यांत ४,००० तासांचा टप्पा गाठू पाहणाऱ्या नव्या निर्मात्याला दुसऱ्याच्या चॅनेलवर केवळ पाहुणा होऊन त्या तासांत काही भर घालता येत नाही. दोन्ही व्हिडिओंच्या शेवटी एंड स्क्रीनवर एकमेकांचा व्हिडिओ लावावा. ती ५ ते २० सेकंदांची असते, त्यामुळे तेवढा वेळ निरोपाचे बोलणे लांबवून चित्रित करून ठेवावे, अन्यथा संकलनाच्या वेळी पंचाईत होते. इन्स्टाग्रामवर मात्र कोलॅबची सोय वापरल्यास एकच रील दोघांच्याही प्रोफाइलवर दिसते.

कॅमेऱ्याचे सेटिंग आदल्या दिवशीच ठरवावे. एकदा आम्ही एका स्वयंपाकघरात ट्यूबलाइटच्या उजेडात चित्रीकरण केले. माझा कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाच्या शटरवर होता, जोडीदाराचा ३० फ्रेम आणि १/६० वर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाइटच्या लुकलुकण्याशी १/६० चे शटर जुळले नाही, त्याच्या चित्रात भाकरी थापणाऱ्या हातांवरून काळसर पट्टे सरकत राहिले, आणि ती भाकरी काही पुन्हा थापून मिळाली नाही! तेव्हापासून मी दोघांचीही सेटिंग २५ आणि १/५० आहेत याची खात्री केल्याशिवाय सुरुवात करत नाही. शिवाय प्रत्येक दृश्याच्या आरंभी एकदा टाळी वाजवतो, म्हणजे दोन कॅमेऱ्यांचे आवाज जुळवणे सोपे जाते.

पैशांचा विषय काढायला संकोच वाटतो, पण तो चित्रीकरणापूर्वीच काढावा. प्रवासखर्च कोणाचा, कच्चे फुटेज कोणाकडे राहणार, आणि पुढे एखाद्या ब्रँडने तेच फुटेज मागितले तर परवानगी कोणाची, हे व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळींत लिहून समोरच्याचा होकार घ्यावा. एखाद्या रिसॉर्टने दोघांना फुकट राहू दिले असेल तर तोही आर्थिक संबंधच ठरतो. जाहिरातींच्या स्वनियमनासाठी असलेल्या ‘अ‍ॅस्की’ या संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो प्रेक्षकांना स्पष्टपणे सांगावा लागतो, आणि तो दोघांनीही आपापल्या व्हिडिओत सांगावा. चॅनेलचा पासवर्ड मात्र कितीही मैत्री झाली तरी देऊ नये. गरज पडल्यास यूट्यूब स्टुडिओतून मर्यादित अधिकार देता येतात.

व्हिडिओ तयार झाला की ‘अनलिस्टेड’, म्हणजे फक्त लिंक असलेल्यालाच दिसेल असा, ठेवून त्याची लिंक जोडीदाराला पाठवावी आणि पाहायला दोन दिवस द्यावेत. त्याला खटकणारे वाक्य विनोदी असले तरी काढून टाकावे.