पोलिसांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली तर सुरक्षित कसं राहायचं: थांबण्यापासून निघेपर्यंत

मागे पोलिसांच्या गाडीचा दिवा चमकला किंवा पुढे कुणी हात दाखवून बाजूला घ्या म्हणालं की बहुतेकांच्या डोक्यात पहिल्यांदा दंडच येतो, मग लायसन्स कुठे ठेवलंय, इन्शुरन्स संपला तर नाही ना, आपलं नेमकं काय चुकलं. पण त्या पाच-दहा मिनिटांत जिवाला धोका असतो तो दोनच गोष्टींचा. एक म्हणजे शेजारून जोरात जाणाऱ्या गाड्या, आणि दुसरा गैरसमज, म्हणजे तुम्ही खाली वाकून पाकीट शोधताय हे पोलिसाला न कळणं. या दोन्हींवर इलाज एकच आहे, तुमची पुढची हालचाल समोरच्याला आधी कळली पाहिजे, मग तो मागून येणारा ट्रकवाला असो किंवा खिडकीशी उभा असलेला पोलीस. दंड बरोबर की चूक ते नंतर भांडता येतं, त्याला मुदत असते, अपील असतं. रस्त्याच्या कडेला भांडून कुणाचा दंड रद्द झालेला मी तरी पाहिला नाही.

पायरी १: थांबणार आहात हे आधी दाखवा

पोलिसांचा इशारा दिसला की कचकन ब्रेक मारू नका. इंडिकेटर द्या, आरशात बघा, स्पीड हळूहळू कमी करा. इंडिकेटर दिला की मागच्या पोलिसालाही कळतं की याने आपल्याला बघितलंय आणि हा पळत नाहीये, निम्मा ताण तिथेच उतरतो. लगेच थांबायला जागा नसेल, म्हणजे पूल आहे, बोगदा आहे, वळण आहे किंवा चढ संपून पलीकडे उतार लागतो ती जागा आहे जिथे मागच्याला तुम्ही शेवटच्या क्षणी दिसता, तर चारही इंडिकेटर लावून सावकाश पुढे जात राहा आणि पहिल्या बऱ्या जागी थांबा, थांबल्यावर कारण सांगा. जर्मनीत तर पोलिसांची गाडी बरेचदा पुढे येते आणि मागच्या पाटीवर 'माझ्या मागे या' असं दाखवून तुम्हाला हायवेवरून खाली सुरक्षित जागी नेते, ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते.

पोलीस पुढे पायी उभा असेल आणि त्याने हात केला तर त्याला चुकवून कट मारणं, उलट दिशेने वळणं किंवा तो बाजूला होईल म्हणून तसंच पुढे नेणं, यातलं काहीच करायचं नाही. कागद नसले तर फार तर दंड होईल, पण माणसाला गाडी लागली तर सगळंच संपलं.

पायरी २: जागा नीट निवडा

हे जरा सविस्तर सांगतो कारण इथे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. गाडी डावीकडून चालवायचा देश असो की उजवीकडून, कडेला घेतल्यावर ड्रायव्हरची खिडकी नेहमी वाहत्या रस्त्याच्या बाजूलाच येते. म्हणजे पोलीस तुमच्या खिडकीशी उभा राहिला की त्याची पाठ ट्रॅफिककडे, आणि तुम्ही दार उघडलंत तर तेही ट्रॅफिकमध्येच. म्हणून रस्त्याच्या कडेची पट्टी ओलांडून जेवढी आत घेता येईल तेवढी घ्या, नंतर निघता येईल एवढं बघून. जमीन कच्ची किंवा चिखलाची असेल तर अर्थातच नाही. पोलिसांची गाडी मागे जरा रस्त्याकडे सरकून तिरकी उभी केलेली दिसेल, ती मुद्दाम तशी करतात, चालत येणाऱ्या माणसाला तिचा आडोसा मिळावा म्हणून, त्यामुळे तुम्ही गाडी पुन्हा मागेपुढे करून ती रचना बिघडवू नका. काही पोलीस पलीकडच्या खिडकीशी येतात, तेही याच कारणासाठी, घाबरू नका, तिकडची काच खाली करा. हा धोका एवढा खरा आहे की कडेला दिवे लावून उभ्या असलेल्या पोलीस किंवा मदतीच्या गाडीपासून एक लेन सोडून जायचं किंवा स्पीड कमी करायचा असा कायदा अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत आहे. आपण बाजूने जाणारे असू तेव्हाही हे पाळावं, कायदा असो नसो.

पायरी ३: पोलीस येईपर्यंतचा अर्धा मिनिट

गाडी न्यूट्रलला किंवा पार्कवर, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद, गाणी बंद, ड्रायव्हरची काच पूर्ण खाली, मागच्या काचा काळ्या असतील तर त्याही खाली. गॉगल काढा. रात्र असेल तर आतला दिवा लावा, हे फार महत्त्वाचं आहे कारण अंधाऱ्या गाडीत आत किती माणसं आहेत आणि कुणाच्या हातात काय आहे हे बाहेरून काहीच कळत नाही. सीटबेल्ट काढू नका. एक तर बेल्ट लावलेला होता हे पोलिसाला दिसू दे आणि दुसरं म्हणजे मागून कुणी ठोकलं तर तोच वाचवतो. मग दोन्ही हात स्टिअरिंगवर वरच्या बाजूला, बोटं उघडी, आणि वाट बघा.

या वेळात काय करायचं नाही तर सीटखाली वाकायचं नाही, मागच्या सीटवरची बॅग ओढायची नाही, डॅशबोर्डचा खण उघडून कागद उपसायचे नाहीत. तुमच्या मनात आपण तयारी करून त्यांचा वेळ वाचवतोय असं असतं पण मागून बघणाऱ्याला फक्त एवढंच दिसतं की माणूस काहीतरी लपवतोय किंवा काढतोय. फोनसुद्धा हातात नको, अंधारात काळी चौकोनी वस्तू काहीही वाटू शकते.

सोबत कुणी असेल तर त्यांना शांतपणे एकच सांगा, हात मांडीवर दिसतील असे ठेवा आणि मी बोलतो. लहान मुलं असतील तर काका कागद बघून जातील एवढं पुरे, मोठ्यांचा चेहरा बघूनच मुलं घाबरतात. टू-व्हीलरवर असाल तर गाडी पूर्ण कडेला, इंजिन बंद, हेल्मेटची काच वर करून चेहरा दिसू द्या, आणि उतरायला सांगितलं तर रस्त्याच्या बाजूने नाही तर कडेच्या बाजूने उतरा.

पायरी ४: आधी बोला, मग हात हलवा

लायसन्स मागितलं की आधी सांगा, लायसन्स मागच्या खिशात आहे, काढू का? हो म्हणाले की एका हाताने सावकाश काढा, दुसरा स्टिअरिंगवरच. कागद एका पाऊचमध्ये आणि पहिल्यापासून एकाच जागी ठेवायची सवय असेल तर हे सगळं फार सोपं होतं, सन व्हायझरची पट्टी त्याला बरी, सीटखालचा कप्पा सगळ्यात वाईट. फोनमधलं लायसन्स चालतं का ते त्या देशावर आहे. भारतात डिजिलॉकरमधलं कायद्याने चालतं, इतर बऱ्याच ठिकाणी अजूनही प्लॅस्टिकचं कार्डच लागतं. परदेशात आंतरराष्ट्रीय परमिट असलं तरी मूळ लायसन्स सोबत हवंच, ते परमिट म्हणजे मुळात तुमच्या लायसन्सचं भाषांतर आहे, एकटं त्याला काही किंमत नाही. इंग्लंडमध्ये त्या क्षणी कागद नसतील तर सात दिवसांत पोलीस स्टेशनला नेऊन दाखवता येतात, त्यामुळे तिथे तर घाबरून बॅगा उपसायचं काहीच कारण नाही.

गाडीतून स्वतःहून उतरू नका. काही ठिकाणी उतरून पोलिसाकडे चालत जाणं आदराचं समजतात पण अमेरिकेत त्याच गोष्टीला अंगावर येणं समजतात, म्हणून सांगेपर्यंत बसून राहणं हे कुठेही सुरक्षित. सांगितलं तर मात्र उतरा. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्ये ड्रायव्हरबद्दल आणि १९९७ मध्ये सोबतच्या माणसांबद्दल निर्णय दिलाय की पोलीस थांबवलेल्या गाडीतून उतरायला सांगू शकतात. उतरताना आरशात बघा, दारापासून लांबच्या हाताने दार उघडा म्हणजे मान आपोआप मागे वळते आणि येणारी गाडी दिसते. उभं राहायचं ते रस्त्यापासून आत, शक्य असेल तर कठड्याच्या पलीकडे, आणि दोन गाड्यांच्या मधे कधीही नाही, मागच्या गाडीला धक्का लागला तर मधला माणूस चिरडतो. पोलीस स्वतःच मधे उभा करत असेल तरी साहेब, जरा आत उभं राहून बोलू का असं विचारायला काही हरकत नाही, चांगला पोलीस ऐकतोच.

पायरी ५: काय बोलायचं आणि किती

कमी बोला आणि खोटं बोलू नका. तुम्हाला का थांबवलं माहीत आहे का असं विचारलं तर अंदाज बांधून स्वतःच तीन गुन्हे कबूल करायची गरज नसते, नाही, तुम्ही सांगा, एवढं म्हणा. आवाज खाली, हातवारे नाहीत, ओळखीची नावं घेणं नाही. ओळख सांगितली की बहुतेक वेळा प्रकरण चिघळतंच.

नकार द्यायचा हक्क असतो तिथेही तो तोंडाने द्यायचा, अंगाने नाही. उदाहरणार्थ अमेरिकेत गाडीची झडती घेऊ का असं विचारलं तर माझी संमती नाही असं शांतपणे सांगता येतं, पण तरीही त्यांनी झडती सुरू केली तर आडवं जायचं नाही, दार धरून ठेवायचं नाही. संमती नव्हती ही गोष्ट पुढे कोर्टात कामाला येते, रस्त्यावरची झटापट कशाच कामाला येत नाही. श्वासाच्या टेस्टचं वेगळं आहे, बऱ्याच देशांत टेस्टला नकार देणं हाच गुन्हा धरतात. नळी नवीन लावा म्हणून सांगा, नुकतंच माउथवॉश वापरलं असेल किंवा अल्कोहोल असलेलं औषध घेतलं असेल तर तेही आधी सांगा, तोंडातलं अल्कोहोल जायला साधारण पंधरा मिनिटं लागतात. आणि मर्यादा सगळीकडे सारखी नसते, १०० मिलिलिटर रक्तात भारतात ३० मिलिग्रॅम, स्कॉटलंडमध्ये ५०, इंग्लंडमध्ये ८०, म्हणून हिशेब करत बसण्यापेक्षा प्यायल्यावर गाडीला हातच लावू नये.

गाडीत परवान्याचं हत्यार असेल तर काही ठिकाणी ते आपणहून सांगणं कायद्यानेच बंधनकारक असतं. हात स्टिअरिंगवर ठेवून सांगा आणि पुढे काय करू ते विचारा, स्वतःहून त्या दिशेला हात नेऊ नका. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. ६ जुलै २०१६ ला अमेरिकेत मिनेसोटा राज्यात फिलांडो कॅस्टिल या ३२ वर्षांच्या माणसाने पोलिसाला सभ्यपणे सांगितलं की माझ्याकडे बंदूक आहे, परवाना होता, आणि काही सेकंदांत त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, गाडीत मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. तो पोलीस २०१७ मध्ये ज्यूरीसमोर निर्दोष सुटला. म्हणजे वरचं सगळं केलं तरी खात्री मिळते असं नाही, धोका कमी होतो एवढंच, आणि एखाद्याला इजा झाली तर त्याने हात नीट ठेवले नसतील असं म्हणून दोष त्याच्यावर ढकलणं चूक आहे. शांत राहण्याची जबाबदारी हत्यार आणि अधिकार ज्याच्याकडे आहे त्याची जास्त.

ऐकू येत नसेल, अडखळत बोलणं होत असेल, ऑटिझम असेल तर

अशा माणसाचं उत्तर न देणं, नजर चुकवणं, हात हलवत राहणं हे अनोळखी पोलिसाला उद्धटपणा किंवा नशा वाटू शकते. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात २०२० पासून यासाठी निळं पाकीट मिळतं, आत लायसन्स आणि कागद ठेवायचे, बाहेर छापलेलं असतं की या ड्रायव्हरला ऑटिझम आहे, त्याच्याशी कसं बोलावं, काय अपेक्षित धरावं. एवढा साधा उपाय आणि किती कामाचा. तुमच्याकडे अशी सोय नसेल तर घरी स्वतः एक कार्ड करा, मोठ्या अक्षरात दोन ओळी, 'मला ऐकू येत नाही, लिहून विचारा', आणि व्हायझरला लावून ठेवा, पोलीस जवळ आल्यावर खिशातून काढायची वेळ येऊ देऊ नका. डायबेटीस असेल तर तेही लिहा, शुगर कमी झाल्यावर माणूस प्यायल्यासारखा वागतो.

हा खरंच पोलीस आहे का?

साध्या गाडीतून, साध्या कपड्यात कुणी थांबायला सांगितलं, रस्ता सुनसान आहे, शंका आली, तर चारही इंडिकेटर लावा, स्पीड कमी करा, दारं लॉक करा आणि पेट्रोल पंपासारख्या उजेडाच्या, माणसांच्या जागेपर्यंत सावकाश चला. सोबत दुसरं कुणी असेल तर त्यांना इमर्जन्सी नंबर लावायला सांगा, एकटे असाल तर हँड्सफ्रीवरून स्वतः लावा, युरोपात आणि भारतात ११२, अमेरिकेत आणि कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, आणि विचारा की या जागी पोलिसांनी गाडी थांबवली आहे का. ब्रिटनमध्ये चालत्या गाडीला थांबवायचा हक्क युनिफॉर्ममधल्याच पोलिसाला आहे, हे तिथल्या १९८८ च्या कायद्यातच लिहिलंय. खरा पोलीस असेल तर तुम्ही ओळखपत्र मागितल्यावर त्याला राग येण्याचं कारण नाही. काच चार बोटं खाली करूनही ओळखपत्र बघता येतं. पावती न देता रोख पैसे मागणं, किंवा त्याच्या गाडीत येऊन बसा म्हणणं, ही दोन लक्षणं दिसली की दार उघडायचं नाही. एकट्या बाईने तर हे अजिबात संकोच न करता करावं.

निघताना

कागद परत मिळाले की आधी ते पाऊचमध्ये ठेवा, बेल्ट तपासा, एक मिनिट तसेच बसा. छाती धडधडत असते, राग आलेला असतो, आणि या अवस्थेत सरळ ॲक्सिलरेटर दाबून लेनमध्ये घुसणं म्हणजे मघाशी टाळलेला धोका आता ओढवून घेणं. हायवे असेल तर कडेच्या पट्टीतच थोडा स्पीड घ्या, इंडिकेटर द्या, मोठी फट बघून आत या. पोलीस बरेचदा दिवे लावून तुम्ही निघेपर्यंत मागे थांबतात, त्याचा उपयोग करून घ्या.

काही गैर झालं असं वाटत असेल तर पुढच्या सुरक्षित जागी थांबून वेळ, ठिकाण, गाडीचा नंबर, पोलिसाच्या छातीवरचं नाव किंवा नंबर, झालेलं बोलणं, सगळं लगेच लिहा, दोन दिवसांनी निम्मं आठवत नाही. पावतीवर काय लिहिलंय ते वाचा आणि हरकत घ्यायची शेवटची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा. आणि डॅशकॅम असेल तर त्याच दिवशी ती क्लिप कार्डवरून काढून दुसरीकडे सेव्ह करा, बहुतेक डॅशकॅम कार्ड भरलं की जुन्यावरच नवीन रेकॉर्ड करतात आणि तक्रार करायच्या वेळी ते फुटेज उरलेलं नसतं.