मतदारांसाठी स्टिकर करताय? आधी द्राक्षं बाजूला ठेवा

नाशिकमध्ये स्टिकर म्हटलं की पहिला सुचतो तो द्राक्षाचा घड. तो काढू नका. द्राक्षं निवडणूक आयोगाच्या मुक्त चिन्हांच्या यादीत आहेत. एखाद्या अपक्षाला ते चिन्ह मिळालं, तर तुमचा स्टिकर त्याचा प्रचार ठरेल. उघडा पंजा, घड्याळ, मशाल हीसुद्धा नकोत. रविवार कारंजाजवळ मी छपाईचं काम करते. सोसायटीचं गिऱ्हाईक आलं की चित्राआधी चिन्हांची यादी उघडते, कारण हा स्टिकर छातीवर लावणारा कोणालाही मत देऊन आलेला असतो.

मग काढायचं काय? मतदानाची शाई लावलेलं बोट. अमेरिकेत मतदान केंद्रावर ‘मी मत दिलं’ असे स्टिकर देतात. काही ठिकाणी त्यांच्या स्पर्धाही होतात. 2022 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या अल्स्टर काउंटीत 14 वर्षांच्या मुलाचा भलताच रंगीत, कोळ्यासारख्या पायांचा प्राणी जिंकला. आपल्याकडे 1962 पासून म्हैसूरची शाई आहे. तिच्यापेक्षा सुंदर खूण मला सुचत नाही.

पण बोट नीट काढा. डाव्या हाताची तर्जनी, बाकीची बोटं मिटलेली. हात मागच्या बाजूने दिसतो, म्हणून अंगठा उजवीकडे यायला हवा. शाईची रेघ नखाच्या टोकापासून पहिल्या पेराच्या खालपर्यंत, जाड आणि थोडी वेडीवाकडी. पट्टीने ओढल्यासारखी रेघ खोटी वाटते. रंग गडद जांभळा, मागे पांढरं. भगवा, हिरवा, निळा टाळलेला बरा.

मजकूर दोनच शब्द: ‘मतदान केलं!’ वेलांट्या-मात्रांना वर मोकळी जागा सोडा, नाहीतर गोल कापताना अनुस्वार जातो. दोन इंची गोल घ्या. बारा बाय अठराच्या शीटवर चाळीस बसतात. हाफ कट सांगा, म्हणजे फक्त वरचा स्टिकर कापला जातो, मागचा कागद अखंड राहतो आणि आजीबाईंनाही एका झटक्यात सोलता येतो. कागदी स्टिकर सुती कपड्याला पुरतो, पण उन्हाळ्यातल्या मतदानाला घामाने सुटतो. तेव्हा व्हिनाइल घ्या. रेशमी साडीवर मात्र कोणताच लावू नका, पदराला डिंकाचा डाग राहतो. मोबाइलच्या मागे लावायला द्या.

वाटप सोसायटीच्या गेटवर, बोट पाहून करा. केंद्रापासून शंभर मीटरच्या आत टेबल मांडू नका. लहान मुलं मागतीलच, त्यांच्यासाठी ‘आईबाबांनी मतदान केलं’ असे थोडे वेगळे छापून ठेवा.