स्पोर्ट बाईकला स्लायडर आणि गार्ड लावायचे का? आधी गाडी कशी पडणार ते बघा

फुल फेअरिंगची, म्हणजे बाजूने सगळं प्लास्टिकचं आवरण असलेली गाडी घेतली की लगेच प्रश्न सुरू होतो, क्रॅश गार्ड (लोखंडी नळीचा, लेग गार्डही म्हणतात) लावू का स्लायडर (गाडीच्या बाजूला बोल्टने बसवलेला ठोकळ्यासारखा गोंडा, गाडी पडली की आधी तो टेकतो) लावू, का काहीच नको. एक जण म्हणतो लावच, दुसरा म्हणतो फ्रेम वाकते, आणि गंमत म्हणजे दोघंही बरोबर असतात, कारण दोघांच्या डोक्यात वेगवेगळं पडणं असतं.

सगळ्यात कॉमन पडणं म्हणजे उभ्या उभ्या. साइड स्टँड पूर्ण उघडला नाही, यू टर्न घेताना पाय टेकला आणि तिथेच नेमकी वाळू, पार्किंगमध्ये कुणीतरी धक्का मारला. दुसरं म्हणजे वळणात टायर सुटून गाडी आडवी घसरत जाते ते. आणि तिसरं, गाडी कोलांट्या खाते, तिथे कुठलीच अ‍ॅक्सेसरी काही करू शकत नाही, त्यामुळे त्याचा विचार करून पैसे घालवू नका. पहिल्या प्रकारात स्लायडर मस्त काम करतो. दुसऱ्यात बऱ्याचदा करतो, पण रस्त्याच्या कडेचा दगड, खाच किंवा मऊ माती आली की तोच स्लायडर अडकतो आणि नुसती घसरणारी गाडी उलटीपालटी होते.

आता लेग गार्ड. साध्या गाडीला, टूररला ठीक आहे, पण स्पोर्ट बाईकला माझं मत सरळ "नको". ही गाडी वळणात झोपवायला बनवलेली असते आणि ती लोखंडी नळी खाली टेकली की पुढचं किंवा मागचं चाक उचललं जाऊ शकतं, म्हणजे ज्याने वाचवायचं तोच पाडणार. शिवाय वजन वाढतं, आणि घसरताना ती नळी कुठेतरी अडकायची शक्यता जास्तच.

राहिला फ्रेम स्लायडर. तो घेताना गोंडा कसा दिसतो, रंग कुठला हे नंतर, आधी बोल्ट कुठे जातोय ते बघा. बहुतेक स्लायडर इंजिन फ्रेमला धरून ठेवणाऱ्या बोल्टच्या जागी बसतात. सरळ बोल्टवर बसणारा असेल तर फेअरिंगला बऱ्याचदा भोक पाडावं लागतं आणि नव्या गाडीला भोक पाडायला कुणाचाच हात धजत नाही, म्हणून लोक वाकडी पट्टी असलेला, भोक न पाडता बसणारा घेतात. तो बसवायला सोपा, पण ती पट्टी म्हणजे पहारच की, टोकावर जोर आला की मुळाशी कितीतरी पटीने लागतो, मग पट्टी वाकून फेअरिंगमध्ये घुसते नाहीतर इंजिनाच्या कास्टिंगचे आटे उपटून येतात. खूप लांब स्लायडरचंही तेच. फेअरिंगचा तुकडा बदलता येतो, फ्रेमला चीर गेली तर विमावाले अख्खी गाडीच टोटल लॉसमध्ये, म्हणजे दुरुस्तीपलीकडची म्हणून काढू शकतात, हा हिशोब डोक्यात ठेवा.

किती लांब पाहिजे ते घरीच बघता येतं. एकाला गाडी सरळ धरायला सांगा, हँडलच्या टोकापासून फूटपेगच्या टोकापर्यंत लांब सरळ काठी धरा आणि काठीच्या बाहेर फेअरिंग कुठे येतंय ते बघा. पडल्यावर हँडल फिरतं त्यामुळे हा अंदाजच आहे, पण स्लायडर त्या रेषेच्या जरासा बाहेर आला की पुरे. गोंडा डेलरिन किंवा नायलॉनसारख्या प्लास्टिकचा घ्या, तो घासत जातो, अ‍ॅल्युमिनियमचा रस्त्यात रुतू शकतो. आणि बोल्टचं डोकं गोंड्यात चांगलं खोल असलं पाहिजे, वरवर असेल तर थोडं घासलं की लोखंडच रस्त्यावर.

पण मला विचाराल तर पहिला खर्च इंजिन कव्हरवर करा. डावीकडे बहुतेक गाड्यांत स्टेटर (वीज तयार करणारा भाग), उजवीकडे क्लच, वरचं झाकण पातळ अ‍ॅल्युमिनियमचं आणि आत ऑइल. घसरताना ते झिजून भोक पडलं की ऑइल रस्त्यावर, मागच्या टायरवर, आणि गाडी टेम्पोतूनच घरी. वर्ल्ड सुपरबाईक या रेसिंग स्पर्धेच्या नियमात ऑइल असलेल्या अशा बाजूच्या कव्हरवर दुसरं संरक्षक कव्हर सक्तीचं आहे ते उगाच नाही.

बाकीचं पटापट. बार एंडची (हँडलच्या टोकांची) वजनं आणि चाकाच्या आसाच्या टोकाला बसणारे अ‍ॅक्सल स्लायडर स्वस्त, हलके, लावून टाका. स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बॉबिन, म्हणजे पॅडॉक स्टँड अडकवायचे गोंडे घेताना आट्यांचा साइज बघा, ६, ८ का १० एमएम ते गाडीप्रमाणे बदलतं. रेडिएटर गार्ड दगडांसाठी असतो, पडण्यासाठी नाही, आणि जाळी फार बारीक असेल तर हवा अडते. ब्रेक लिव्हरचा गार्ड मोटोजीपीत सक्तीचा आहे, पण तो दुसऱ्या गाडीला घासून ब्रेक दाबला जाऊ नये म्हणून, रस्त्यावर शोभेपुरताच. त्यापेक्षा लिव्हरचे क्लॅम्प असे आवळा की रोजच्या वापरात हलणार नाहीत पण जोरात आपटलं तर लिव्हर फिरेल, मोडणार नाही.

स्लायडर बसवताना एका वेळी एकच बाजू, दोन्हीकडचे बोल्ट एकदम काढले तर इंजिन खाली सरकतं आणि मग भोकं जुळवत बसा. इंजिनाखाली लाकडाचा तुकडा ठेवून जॅकचा हलका आधार द्या. नवा बोल्ट आधी हाताने चार-पाच आटे फिरला पाहिजे, अडला तर पाना लावून रेटू नका, बाहेर काढून परत सरळ लावा. टॉर्क रेंच (बोल्ट नेमक्या जोराने आवळणारा पाना) लागतोच, जोराचा आकडा स्लायडरसोबतच्या कागदावरचा किंवा सर्व्हिस मॅन्युअलचा घ्या, "हाताला कळतं" म्हणणाऱ्या मॅकॅनिकला इथे हात लावू देऊ नका. फेअरिंग आणि गोंड्यात काही मिलीमीटर फट ठेवा, नाहीतर व्हायब्रेशनने पॅनल तडकतं. बोल्टवर पेंटची रेघ मारून ठेवा, सैल झाला की लगेच कळतं.

आणि गाडी पडलीच तर गोंडा बाहेरून ठीक दिसतोय म्हणून सोडून देऊ नका. टॉर्च मारून माउंटभोवतीचा रंग तडकलाय का बघा, मग बोल्ट काढून काचेवर लोळवा, डुलत गेला तर तो वाकलाय, सरळ करायच्या भानगडीत न पडता नवा घाला.