जंगलातून पकडलेला शॅमेलिऑन घरी आणलाय? पहिल्या तीन महिन्यांत या चुका टाळा

न्यू जर्सीतल्या आमच्या घरी पहिला शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, आला, तेव्हा मी त्याला आल्या दिवशीच सगळं देऊन टाकलं. मोठा पिंजरा, प्रखर दिवा, भरपूर रातकिडे, जंताचं औषध, आणि दर अर्ध्या तासाने माझी फेरी. तो एकोणिसाव्या दिवशी गेला. आज मागे वळून बघते तेव्हा कळतं, की त्याला त्या वेळी दोनच गोष्टी हव्या होत्या: पाणी आणि एकांत. बाकी सगळं पंधरा दिवसांनी चाललं असतं.

तो सेनेगल शॅमेलिऑन होता. हे प्राणी पश्चिम आफ्रिकेतून, बरेचसे टोगो आणि बेनिनमधून येतात. झाडावरून उतरवणारा माणूस, मग निर्यातदाराची गर्दीची जाळी, मग कापडी पिशवी, विमान, आयातदार, दुकान किंवा प्रदर्शन. या प्रवासात त्याला पोटभर पाणी मिळण्याची शक्यता फार कमी. तुमच्या हातात येतो तो नवा प्राणी नसतो, कित्येक दिवसांचा तहानलेला आणि घाबरलेला प्राणी असतो. दुकानातला हिरवा रंग बघून तो ठणठणीत आहे असं धरून चालू नका.

आईने व्हिडिओ कॉलवर बघितल्या बघितल्या म्हटलं, ‘‘अगं, हा तर घोयरा!’’ तिचं फारसं चुकलं नव्हतं. आपल्याकडचा घोयरा सरडा आणि हा सेनेगलवाला एकाच ‘कमीलिओ’ प्रजातीतले (जीनसमधले), पण वेगळ्या जातींचे भाऊबंद. पण म्हणूनच हे आधी सांगते: भारतात घोयऱ्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्याला पकडणं, विकणं, घरात ठेवणं गुन्हा आहे. महाराष्ट्रात शेतात, रस्त्यावर जखमी घोयरा दिसला तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा, घरी आणू नका. हा लेख परदेशात, जिथे कायद्याने असा प्राणी पाळता येतो तिथे राहणाऱ्यांसाठी आहे. तिथेही शॅमेलिऑनचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइटीस’ कराराखाली परवान्यानेच होतो, तेव्हा विक्रेत्याला आयातीची कागदपत्रं विचारा. आणि अजून आणला नसेल, तर माझं प्रामाणिक मत असं, की पहिला शॅमेलिऑन घरात पैदास झालेलाच घ्यावा. पण आणून झाला असेल, तर आता तो जगला पाहिजे.

पाणी: वाटी ठेवली, दोन फवारे मारले, झालं

हीच सगळ्यात मोठी चूक, म्हणून इथे थोडं थांबते.

शॅमेलिऑनला वाटीतलं साचलेलं पाणी बहुधा पाणी म्हणून ओळखूच येत नाही. तो पानावरचं दव आणि पावसाचे ओघळणारे थेंब पितो. हलणारा, चमकणारा थेंब दिसला की त्याला तहान आठवते. त्यातही जंगलातून आलेला शॅमेलिऑन लगेच पीत नाही. फवारा सुरू झाला की आधी आक्रसतो, डोळे फिरवतो, अंग चोरून घेतो. पाच-दहा मिनिटं पाऊस पडतोय अशी खात्री पटली, की मग हळूच जबडा हलवायला लागतो. आपण दोन मिनिटांत बाटली खाली ठेवतो, म्हणजे तो प्यायची वेळ आली तेव्हा पाऊस थांबलेला असतो.

मी आता काय करते ते सांगते. प्लॅस्टिकच्या डब्याला तळाशी सुईने भोक पाडून तो पिंजऱ्यावर ठेवते. सेकंदाला साधारण एक थेंब, तो मनी प्लांटच्या पानावर पडेल आणि पानावरून खाली बादलीत जाईल असा. सकाळी काही तास हे चालू असतं. शिवाय दिवसातून दोनदा कोमट पाण्याचा बारीक, लांबलेला फवारा. पहिल्या आठवड्यात डोळे फारच खोल गेलेले असतील, तर कुंडीतलं झाड न्हाणीघरात नेऊन त्यावर त्याला बसवा आणि शॉवरची धार भिंतीवर सोडा, म्हणजे नुसते तुषार झाडावर येतील. वीस-पंचवीस मिनिटं. पाणी कोमट, आणि तुम्ही तिथेच, पण दूर उभ्या.

पाणी मिळतंय की नाही हे विष्ठा सांगते. विष्ठेबरोबर एक पांढरा खडूसारखा भाग येतो. तो पांढरा, टोकाला जरा पिवळसर असेल तर ठीक. पूर्ण केशरी आणि कोरडा असेल तर प्राणी अजून तहानलेला आहे, मग डब्यातून कितीही लिटर पाणी गेलेलं असो. दुसरी खूण डोळ्यांचे मनोरे, म्हणजे डोळ्यांचे बाहेर आलेले, फिरणारे फुगवटे: आत ओढलेले दिसत असतील तर पाण्याची उणीव आहे.

सिरिंजने जबरदस्ती तोंडात पाणी सोडू नका, ते फुफ्फुसात जाऊ शकतं. टबात बुडवून ठेवू नका, त्याने भीतीच वाढते. आणि उलटी चूकही करू नका. दिवसभर पिंजरा चिंब ठेवला तर त्वचेचे आणि श्वासाचे संसर्ग येतात. दोन फवाऱ्यांच्या मध्ये पानं कोरडी व्हायला हवीत.

‘जंत असतीलच, औषध देऊन टाकू’

जंत असतीलच, हे खरं. जंगली शॅमेलिऑनच्या पोटात गोल जंत असणं ही नवलाईची गोष्ट नाही. तिकडे तो त्यांच्यासकट जगत होता. प्रवासाने शरीर खचलं की तेच जंत डोईजड होतात. पण शरीरात पाणी नसताना औषध गेलं तर मूत्रपिंडावर ताण येतो. मी नेमकं हेच केलं होतं, तेही अंदाजाने.

क्रम असा ठेवा: आधी आठ-दहा दिवस पाणी, मग विष्ठेची तपासणी, मग औषध. ताजी विष्ठा छोट्या पिशवीत बंद करून फ्रिजमध्ये ठेवा, गोठवू नका, आणि एका दिवसाच्या आत सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे पोचवा. असा डॉक्टर प्राणी आणण्याआधीच शोधून ठेवा, कारण कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर शॅमेलिऑन बघत नाहीत. फेनबेंडाझोल बऱ्याच जंतांवर चालतं, पण मात्रा वजनावर ठरते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची. आयव्हरमेक्टिनच्या वाट्याला स्वतःहून कधीच जाऊ नका.

एका तपासणीत काही सापडलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, जंतांची अंडी रोज पडत नाहीत. आणि काही पाहुणे विष्ठेत दिसतच नाहीत. जंगली शॅमेलिऑनच्या कातडीखाली कधीकधी दोऱ्यासारखा, वळवळणारा उंचवटा दिसतो. तो फायलेरियाच्या जातीचा कृमी. तो औषधाने एकदम मारला तर मेलेला कृमी आतच सडून त्रास देतो, म्हणून डॉक्टर बहुधा छोटा छेद देऊन तो बाहेर काढतात. घरी टाचणी घेऊन बसू नका.

फेऱ्या, फोटो आणि ‘जरा हातावर घेऊ’

त्याच्या जगात मरण वरून येतं: शिकारी पक्षी, झाडावरचे साप. आपण पिंजऱ्यावर वाकून बघतो तेव्हा त्याला आपण त्यातलेच एक वाटतो. म्हणून पिंजरा टेबलावर किंवा फडताळावर असा ठेवा, की त्याची बसायची फांदी तुमच्या डोक्याच्या वर येईल. एवढ्या एका बदलाने माझ्या दुसऱ्या शॅमेलिऑनने दिवसा अंगाचा काळपट रंग सोडला. तीन बाजूंना पडदा किंवा पुठ्ठा लावा. आत जास्वंद, मनी प्लांट, फायकस अशी दाट झाडी असावी. तो तुम्हाला सहज दिसत नसेल, तर पिंजरा बरोबर लावलाय असं समजा.

रंग वाचायला शिका. शॅमेलिऑन मागच्या भिंतीशी जुळवून घ्यायला रंग बदलतो ही समजूत चुकीची आहे. रंगात त्याची मनःस्थिती आणि शरीराचं तापमान दिसतं. सकाळी गारव्यात ऊन खाताना तो गडद असणं साहजिक आहे. पण दुपारपर्यंत काळा-तपकिरी, अंग चपटं करून फांदीमागे लपलेला, असा दिवसेंदिवस राहिला तर तो सतत धास्तावलेला आहे. अशा वेळी खोलीत काय बदललं ते शोधा: आरसा, काचेतलं त्याचंच प्रतिबिंब, समोर दिसणारा दुसरा शॅमेलिऑन, टीव्ही, मांजर. एका पिंजऱ्यात दोघे तर कधीच नाहीत.

जाळीला धरून बसलेल्या शॅमेलिऑनला ओढून काढू नका. नखं उपटून येतात, त्या जखमेतून संसर्ग हाडापर्यंत जातो. हलवायचाच असेल तर समोर खालून फांदी धरा, तो स्वतःच्या पायाने येईल.

आफ्रिका म्हणजे उकाडा?

महाबळेश्वरच्या माणसाला मे महिन्यात चंद्रपूरला नेऊन बसवावं, तसं आपण डोंगरी शॅमेलिऑनचं करतो. केनियाच्या डोंगरातला जॅक्सन किंवा कॅमेरूनच्या उंचावरचा चार शिंगांचा शॅमेलिऑन गारव्यातला प्राणी आहे. त्याला दिव्याखालीही २६-२७ अंश सेल्सिअस पुरे, आणि रात्री १५ पर्यंत उतरलेलं चांगलं. सेनेगल किंवा फ्लॅप-नेक (मानेशी कातडीच्या झडपा असलेला आफ्रिकेतलाच शॅमेलिऑन) यांना दिव्याखाली २९-३० अंश चालतात, पण बाकी पिंजरा २४-२६ च असावा, म्हणजे त्यांना हवं तेव्हा सावलीत जाता येईल. विक्रेत्याच्या चिठ्ठीवरचं नाव चुकीचं असू शकतं, म्हणून जात स्वतः पडताळून घ्या.

रात्री कुठलाच दिवा नको, लालसुद्धा नाही. दिवसा बारा तास यूव्हीबी (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी) ट्यूब, फांदी तिच्यापासून वीतभर खाली. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात यूव्हीबी जवळजवळ नसतं, उष्णता मात्र साठते. उन्हाळ्यात जाळीचा पिंजरा अर्धवट सावलीत बाहेर ठेवता आला तर त्यासारखं काही नाही.

खात नाही म्हणून घाबरणं

पहिले चार-पाच दिवस न खाणं चालतं. पाणी पीत असेल तर धीर धरा. पुष्कळदा अडचण भुकेची नसून ओळखीची असते: त्याने आयुष्यात डब्यातला रातकिडा बघितलेलाच नसतो. माश्या, नाकतोडे, फुलपाखरं हे त्याचं जेवण. माझ्याकडच्या एकीने आठ दिवस रातकिड्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही, आणि निळ्या माश्या सोडल्या त्या दिवशी सहा खाल्ल्या. मासे पकडायच्या आमिषाच्या अळ्या घरी ठेवून अशा माश्या तयार होतात. अंगणातले किडे आणू नका, कीटकनाशकाची खात्री नसते. उरलेले रातकिडे संध्याकाळी काढून टाका, रात्री ते झोपलेल्या शॅमेलिऑनला कुरतडतात. किड्यांना कॅल्शियमची हलकी पूड लावायची, व्हिटॅमिनची मात्र जपून, अतिरेकानेही नुकसान होतं.

वजन आठवड्यातून एकदा, ग्रॅममध्ये. काट्यावर फांदी ठेवून वजन शून्य करा, मग त्याला फांदीवर चढू द्या. स्वयंपाकघरातला काटा वापरू नका. हे प्राणी साल्मोनेला बाळगू शकतात, तेव्हा त्यांची भांडीही सिंकमध्ये धुऊ नका आणि हात साबणाने धुवा.

मादी असेल तर

जंगलातून आलेली वाढलेली मादी बऱ्याचदा गाभणी असते. ती एकटी राहूनही अंडी घालते (जॅक्सनची मादी मात्र थेट पिल्लंच देते), आणि नराचं बीज ती साठवून ठेवू शकते, म्हणून ती अंडी फलितही असू शकतात. आल्या दिवसापासूनच पिंजऱ्यात फूटभर खोल, ओलसर वाळू-मातीची कुंडी ठेवा. मुठीत दाबली तर गोळा होईल आणि खणलेला बोगदा टिकेल इतकी ओल. जागा नाही मिळाली तर अंडी आत अडकतात आणि मादी मरते. ती खाली उतरून फिरायला, उकरायला लागली, की चादर टाकून तिला पूर्ण एकटं सोडा. खणताना कुणी बघतंय असं वाटलं तर ती काम सोडून देते.

उकरणारी मादी सोडून कुठलाही शॅमेलिऑन तळाशी बसलेला दिसला, भर दिवसा डोळे मिटून बसला, दिव्यापासून दूर असतानाही तोंड उघडं ठेवून मान वर करून श्वास घेऊ लागला, तोंडाच्या कडेला चिकट पिवळं काही दिसलं किंवा एखादा पाय सुजला, तर उद्याची वाट बघू नका. हे प्राणी आजार शेवटपर्यंत लपवतात. दिसला म्हणजे तो जुना आहे.

माझी फ्लॅप-नेक मादी नव्वद दिवस वेगळ्या खोलीत होती. तळाला कागद, तिची बाटली वेगळी, चिमटा वेगळा. अंडी घालून झाल्यावर ती काडीसारखी वाळली होती. सलग दोन तपासण्या स्वच्छ आल्या आणि वजन तीन आठवडे चढत राहिलं, तेव्हा मी फक्त एका बाजूचा पडदा काढला. ती फांदीमागे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर ती पडद्याच्या मोकळ्या बाजूलाच बसली होती, फिक्या हिरव्या रंगात, डब्यातून पडणारा थेंब पीत.